तीन सुताची पेटी

मुलांच्या खोलीत खेळण्यांसाठी पेटी करायची ठरली की मोठी माणसं आधी खोलीचं माप घेतात. खिडकीखाली किती जागा आहे, कपाटाच्या बाजूला किती उरते, पलंगाखाली काय सरकेल. मग त्या जागेत बसेल असा भलामोठा पेटारा होतो, वर गादी, आत खेळणी. खोली झटक्यात आवरलेली दिसते, येणारे-जाणारे कौतुकही करतात. पण त्या पेटाऱ्याच्या तळाशी गेलेलं खेळणं पुढची दिवाळी आल्याशिवाय वर येत नाही. मला वाटतं, माप खोलीचं घ्यायचंच नाही. मुलाचं घ्यायचं. त्याचा हात किती लांब जातो, किती वजन त्याला कुरकुर न करता उचलता येतं आणि खाली बसल्यावर त्याला काय दिसतं, एवढं कळलं की पेटी कशी हवी ते आपोआप ठरतं.

माझी लेक चार वर्षांची आहे. ती फरशीवर मांडी घालून बसली की आठ इंच उंचीच्या पेटीचा तळ तिला बसल्या जागेवरून दिसतो. उंची बारा इंच केली की गुडघ्यांवर उठून आत डोकवावं लागतं. आणि डोकवावं लागलं की मुलं सरळ पेटी उपडी करतात. आपण त्याला पसारा म्हणतो, रागावतो. खरं तर त्या मुलाला हवी ती वस्तू सापडत नसते आणि शोधायचा तेवढाच मार्ग त्याच्या हातात असतो. म्हणून उंची आठ इंच. लांबी चौदा, रुंदी दहा, कारण एवढी पेटी तिला दोन्ही हातांनी धरून पोटाशी लावता येते. अशा पाच पेट्या.

माप ठरल्यावर मी आमच्या आळीतल्या सुतारकाकांना घेऊन भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेले. काका जुन्या वळणाचे, त्यांचं सगळं बोलणं सुतात. एका इंचाचे आठ सूत. दुकानात शिरल्याशिरल्या त्यांनी सहा सुताच्या प्लायवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या अठरा मिलिमीटरच्या जाड प्लायवर हात ठेवला.

"ताई, हीच घ्या. नातवंडांच्या लग्नापर्यंत हलणार नाही."

"काका, मला हलणारीच हवीय. तिला उचलता आली पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग खिशातून पेन्सिल काढून तिथल्याच एका तुकड्यावर हिशेब मांडला. या मापाची पेटी सहा सुतात केली तर रिकामीच चार किलोच्या आसपास भरते. तीन सुतात, म्हणजे नऊ मिलिमीटरमध्ये, दोन किलो. त्यात लाकडी ठोकळे भरले की आणखी दोन-तीन किलो आलेच. पंधरा किलोच्या पोरीने सात किलोचं ओझं रोज खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला न्यावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पाच किलोंपर्यंत ती ओढत, ढकलत, थांबत नेते आणि नेल्याचा तिला अभिमान वाटतो. काकांनी बोट तीन सुताच्या प्लायवर नेलं आणि पुढे त्या विषयावर एक शब्द काढला नाही. आठ बाय चारच्या एकाच शीटमध्ये पाचही पेट्या निघाल्या, वर बराच तुकडा उरला.

1907 साली रोममधल्या सॅन लोरेन्झोच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी आपलं पहिलं बालघर सुरू केलं, तेव्हाही त्यांनी हाच आग्रह धरला होता. शाळांमधली जमिनीला खिळलेली जड बाकं त्यांना नको होती. मुलांना स्वतः उचलून हव्या त्या जागी नेता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या त्यांनी करून घेतल्या, सामान ठेवायला मुलांच्या हाताला लागतील अशी बुटकी कपाटं केली. शंभराहून अधिक वर्षं झाली त्याला. तरी आपल्याकडे मुलांच्या खोलीतलं फर्निचर अजूनही भिंतीला ठोकून बसवतात आणि मग "स्वतःचं स्वतः आवरत नाही" म्हणून मुलांवर ओरडतात, याचं मला वाईट वाटतं. उंच, उभं कपाट भिंतीला पक्कं असायलाच हवं, ते मुलाच्या अंगावर पडू शकतं. पण पेटी मोकळी हवी.

प्लाय घेताना एक गोष्ट आवर्जून विचारावी. साध्या, म्हणजे एमआर प्रतीच्या प्लायमध्ये पापुद्रे चिकटवायला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू हवेत येत राहतं. नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास असतो तो बऱ्याचदा याचाच. मूल ज्या खोलीत दारं-खिडक्या लावून रात्रभर झोपतं तिथे तो कमीत कमी असावा, म्हणून ई-वन किंवा ई-झीरो असा शिक्का बघून घ्यावा. शिवाय कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत. आतून, बाहेरून, खालून, सगळीकडून रंग बसला की वास बराच अडतो. आतली बाजू कोण बघणार म्हणून कोरी सोडणारे खूप असतात. मुलाचा हात आणि डोकं मात्र सारखं तिथेच असतं.

पॅकिंगच्या पॅलेटचं पाइन स्वस्तात मिळतं, तेही मी बघून आले. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा एक शिक्का असतो. त्यात एचटी लिहिलेलं असेल तर ते लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवून कीडमुक्त केलेलं असतं. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि ते मुलांच्या वस्तूंसाठी उचलूच नये. एचटी चालतं, पण त्यावर वाटेत काय काय सांडलं असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. मी ते सोडून दिलं.

तीन सुताच्या प्लायच्या कडेत सरळ स्क्रू घातला की पापुद्रे फाकतात. काकांनी त्यासाठी आतल्या चारही कोपऱ्यांत पाइनची बारीक चौकोनी पट्टी उभी केली आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू त्या पट्टीत घेतले. सांध्यात फेविकॉल भरून, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसून टाकला. तो वाळून राहिला की त्यावर रंग धरत नाही. पेटी गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, आहे की नाही हे बघायला त्यांनी गुण्या काढलाच नाही. टेप घेऊन एक कर्ण मापला, मग दुसरा, दोन्ही सारखे आले तेव्हा मान डोलावली. दोन्ही बाजूंना हात घालायला तीन-साडेतीन इंच लांब, इंचभर उंच अशी अंडाकृती भोकं पाडली. भोक मोठं असावं. मुलाचं बोट जाईल पण सहज निघणार नाही, म्हणजे साधारण पाच ते बारा मिलिमीटर, एवढी फट मुलांच्या कोणत्याही वस्तूत ठेवायची नाही.

मग घासकाम. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशे वीस, मग दोनशे वीस. हे काम मी स्वतः केलं आणि या सगळ्यात मला तेच सर्वात आवडलं. कडेवर कागद फिरत असताना आधी खरखर ऐकू येते, मग आवाज बारीक होत जातो आणि एका क्षणी हाताला कडच लागत नाही, नुसती गोलाई लागते. काकांनी जाताना एक युक्ती सांगितली. जुना नायलॉनचा मोजा हातात चढवायचा आणि सगळ्या कडांवरून, भोकांच्या आतूनसुद्धा फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. आपल्या राठ बोटांना जे लागत नाही ते मोज्याला लागतं. हँडलच्या भोकात खालच्या बाजूला, जिथे लेकीची बोटं रोज वळणार, नेमका तिथेच मोजा अडकला. तिथे पुन्हा कागद फिरवला.

झाकण नाही. यावर घरात बरीच चर्चा झाली, सासूबाईंचं म्हणणं होतं की झाकणाशिवाय धूळ बसेल. त्यांचं बरोबर आहे, धूळ बसते. पण जड झाकणाची पेटी ही मुलांच्या बाबतीत खरोखर धोक्याची वस्तू आहे. मूल वाकून आत हात घालतं तेव्हा त्याची मान बरोबर कडेवर येते आणि बिजागरीवरचं झाकण त्याच मानेवर पडतं. मोठ्या पेटाऱ्यात लपायला शिरलेल्या मुलावर झाकण बसलं तर हवा पुरत नाही. म्हणून पेटारा करायचाच असेल तर झाकण कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेल असा आधार लावतात आणि हवेसाठी भोकं ठेवतात. आमच्या पेट्या एवढ्या लहान की त्यात लेक शिरू शकत नाही, आणि झाकण नसलं की आत काय आहे ते दारातूनच दिसतं. धूळ मी पुसते.

रंगांचं सांगायचं तर मला ते सावंतवाडीत उमगलं. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. लहानपणी मोती तलावाच्या काठाने चितार आळीत गेलं की दुकानादुकानांतून लाकडी फळं, भाज्या, बैलगाड्या, भातुकली टांगलेली, मांडलेली असायची. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं, कोरायला मऊ. फाल्गुनात याच झाडाला लालभडक फुलं येतात. तिथल्या लाकडी केळ्याचा पिवळा, मिरचीचा हिरवा, सफरचंदाचा लाल हे रंग मी पुढे कुठल्याच प्लास्टिकच्या खेळण्यात पाहिले नाहीत. पण माझा जीव अडकायचा तो गंजिफाच्या पेटीत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. सावंतवाडीच्या राजघराण्याच्या आश्रयाने ही कला तिथे रुजली, मागे पडत पडत जवळजवळ बुडाली, आणि 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिरांकडून सत्वशीलादेवी स्वतः ती शिकल्या. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बसून कारागीर पत्ते रंगवतात, आपण शेजारी उभं राहून बघू शकतो.

दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. आता एवढे पत्ते हातात आल्यावर खेळणाऱ्याने ओळखायचे कसे? तर खूण आणि रंग अशा दोन्ही वाटांनी. मत्स्याच्या पत्त्यावर मासे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं, वामनाच्या पत्त्यावर कमंडलू, परशुरामाच्या पत्त्यावर परशू. आणि गटागणिक पत्त्याची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमीही, वेगळ्या रंगाची. अक्षर न वाचता, नुसत्या नजरेने पत्ता लागतो. आणि हा सगळा डाव ठेवायला असते एक लाकडी पेटी, सरकत्या झाकणाची, तितक्याच निगुतीने रंगवलेली, चहूबाजूंनी वेलबुट्टी. खेळाइतकाच जीव खेळाच्या पेटीवर लावलेला.

चार वर्षांच्या मुलालाही वाचता येत नसतं. "गाड्या" अशी चिठ्ठी चिकटवली तर ती आपल्यासाठी असते, त्याच्यासाठी नाही. म्हणून प्रत्येक पेटीला एक रंग आणि एक खूण. लाल पेटीवर चाक, त्यात गाड्या. पिवळीवर घर, त्यात ठोकळे. हिरवीवर कढई, त्यात तुळशीबागेतली पितळी भातुकली आणि सावंतवाडीची लाकडी फळं. निळीवर झगा, त्यात बाहुल्या आणि त्यांचा संसार. नुसत्या रंगावर सोडू नये, कारण काही मुलांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे बरंच जास्त आढळतं आणि एवढ्या लहान वयात ते आई-बापांच्या लक्षातही आलेलं नसतं. खूण मात्र सगळ्यांना दिसते. आणि खूण पेटीच्या चारही बाजूंना काढावी. मूल पेटी ठेवताना दर्शनी बाजू बघून ठेवत नाही.

रंग विकत घेताना मी हट्टी होते. पूर्वी तैलरंगांतले झळझळीत पिवळे, केशरी, लाल बहुधा शिशाच्या संयुगांपासून यायचे. क्रोम पिवळा म्हणजे लेड क्रोमेटच. मुलं लाकूड चावतात, कडा चोखतात, रंगाचे पोपडे नखांनी काढतात, आणि शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालतं. त्याचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. आपल्या देशात 2016 साली नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 90 एवढीच आहे. म्हणजे माळ्यावर पडलेला, त्याआधीचा अर्धा भरलेला डबा "वाया कशाला घालवायचा" म्हणून मुलांच्या पेटीला लावू नये. फेकवत नसेल तर गेटला लावावा असंही कोणी सांगेल; मी म्हणते, घरात मूल असेल तर गेटलाही नको. नवा, पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक इनॅमल घ्यावा, डब्यावर शिसं नसल्याचा उल्लेख वाचून घ्यावा.

रंगकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत केलं. पावसाळ्यात पुण्यातसुद्धा रंग धड वाळत नाही, कोकणात तर विचारूच नका. आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून स्क्रूची तोंडं बुजवली, घासली, प्रायमरचा एक हात, वाळल्यावर पुन्हा हलकासा कागद, मग रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन केव्हाही चांगले, ओघळ येत नाहीत. हाताला सुकलेला वाटला तरी हा रंग आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर पेट्या एकमेकींवर ठेवल्या तर चिकटतात आणि सोडवताना रंग निघतो. लेकीला एवढे दिवस थांबवणं सोपं नव्हतं. रोज सकाळी दात घासायच्या आधी ती गॅलरीत जाऊन लाल पेटीला एक बोट लावून यायची.

तळाला फेल्टच्या चकत्या लावल्या, दुपारी खालच्या घरी आजी झोपलेल्या असतात. चाकं लावली नाहीत. चाकं लावली की मुलं पेटीत उभी राहतात.

पेट्या पाचच का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. घरातली सगळी खेळणी पाचात मावत नाहीत हे खरं आहे, आणि ती मावू नयेत असंच मला वाटतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चार खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. उरलेली खेळणी मी माळ्यावर ठेवते आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल करते. माळ्यावरून उतरलेलं जुनं लाकडी बदक तिला नव्याइतकंच गोड लागतं.

पाचवी पेटी कोणाची, हे मी ठरवलं नव्हतं. लेकीनेच ठरवलं. तिच्यात चिंचोके आहेत, गुंजा नाहीत (त्या विषारी असतात, मीच काढून टाकल्या), शंख-शिंपले आहेत, मोराचं एक पीस, बटणं, आजोबांच्या चष्म्याची तुटलेली काडी, एका लग्नातली सोनेरी लेस. हिला रंग कोणता द्यायचा विचारलं तर म्हणाली, "सगळे." म्हणून उरलेल्या चारही रंगांचे पट्टे ओढले. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर वाढलं, तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी आजूबाजूला मिळणारे शंख, शिंपले, बिया, पानं हीच मुलांची साधनं केली आणि त्यातून मुलांना मोजायला, जुळवायला, वेगळं करायला शिकवलं. लेक तिची पाचवी पेटी फरशीवर ओतून तासन्‌तास रांगा लावत बसते तेव्हा मला त्या दोघी बायकांबद्दल फार कृतज्ञ वाटतं.

आवरायची वेळ संध्याकाळची, दिवेलागणीआधी. मी मदतीला बसते पण कुठली वस्तू कुठे जायची ते मी सांगत नाही. बाहुलीचा कंगवा ती भातुकलीच्या हिरव्या पेटीत ठेवते. का, तर बाहुलीची वेणी जेवायच्या आधी घालायची असते. एक गाडी कायम निळ्या पेटीत असते, कारण ती बाहुलीच्या बाबांची आहे. मला हे सगळं नीट लक्षात ठेवावं लागतं, चुकून मी ती गाडी लाल पेटीत टाकली तर ती मुकाट्याने उठते, काढते आणि निळीत नेऊन ठेवते. तिची व्यवस्था माझ्यापेक्षा पक्की आहे.

प्लायचा जो तुकडा उरला होता त्यातून काका आता खडूंसाठी एक छोटी पेटी करून देणार आहेत, गंजिफासारखी सरकत्या झाकणाची. बाजूच्या फळ्यांत आतून खाच मारायची आणि त्यात पातळ प्लायचं झाकण सरकवायचं. बिजागरी नाही, काही आपटायला नको. खाच किंचित सैल ठेवा असं मी त्यांना सांगितलंय, नाहीतर पावसाळ्यात झाकण फुगून अडकेल. वर कासव काढायचं असा लेकीचा हुकूम आहे. काका विचारत होते, कासवाची जमीन कुठल्या रंगाची. ते अजून ठरायचंय, बहुतेक पुढच्या सुट्टीत सावंतवाडीला गेल्यावर राजवाड्यात बघून ठरवू.